मदत हवी आहे: गल्लीत दोन्ही बाजूंना नो पार्किंग केलंय, हरकत कशी घ्यायची?

अनघा_प
आमच्या गल्लीत रातोरात दोन्ही बाजूंना नो पार्किंगचे बोर्ड उभे राहिलेत. ना कुणाला विचारलं, ना सांगितलं. सकाळी टोइंगवाले येऊन दोन स्कूटर उचलूनही घेऊन गेले. आम्ही इथले जुने रहिवासी. बाहेरच्यांच्या गाड्यांची शिक्षा आम्हाला का? हरकत घ्यायची आहे. अर्ज कुणाच्या नावाने करायचा, त्यात काय लिहायचं, मुदत असते का? लवकर सांगा. पार्किंग धोरणावर चर्चा नको, त्याचा वेगळा धागा आहे.

पेठेतला
गाव कुठलं? गल्ली कुठली? बोर्ड पोलिसांचा, महापालिकेचा, की शेजारच्या सोसायटीने रंगवून आणलेला? आमच्याकडे निम्मे बोर्ड असेच हौशी आहेत.

अनघा_प
पुणे, अजून कुठलं असणार? कोथरूड, आतली गल्ली. बोर्ड सरकारीच आहे, निळा गोल, लाल काट.

सायकलस्वार
थोडं कडू बोलतो. रस्ता चालायला आणि वाहायला असतो, तुमची गाडी झोपवायला नाही. गाडी घेताना जागेचा विचार केला होता का? मी गाडी विकली, आता मेट्रो आणि सायकल. आयुष्य सुखी.

अनघा_प
घरात ७८ वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना कॅरियरवर बसवून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊ का?

ओसाकाकर
इथे जपानमध्ये जागेचा पोलिसांचा दाखला असल्याशिवाय गाडीची नोंदणीच होत नाही. जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत हवी. कायदा १९६२ चा आहे. आपल्याकडेही २०२५ मध्ये परिवहनमंत्री तसं काहीतरी बोलले होते ना?

पेठेतला
बोलले होते. बोलायला काय जातंय.

वकीलसाहेब_नाही
मूळ प्रश्नावर येतो. मी वकील नाही, पण आमच्या गल्लीसाठी हे सगळं निस्तरलंय. रस्ता महापालिकेचा असला तरी वाहतुकीचे निर्बंध पोलीस उपायुक्त (वाहतूक) यांच्या आदेशाने लागतात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५, ११६, ११७. बहुतेक वेळा आधी तात्पुरता आदेश निघतो, त्यात शेवटी ‘नागरिकांच्या सूचना व हरकती लेखी स्वरूपात कळवाव्यात’ असं असतं, आणि त्यांचा विचार करून अंतिम आदेश काढतात. आमच्या वेळी पत्ता येरवडा पोस्टाजवळचा बंगला क्र. ६ होता. तेव्हा पहिलं काम, आदेशाची प्रत मिळवा. तारीख काय आहे? तात्पुरता की अंतिम? नेमका कुठपासून कुठपर्यंत? हे कळल्याशिवाय हरकत म्हणजे हवेत गोळीबार.

जुना_खोडकर
प्रत कशाला? सरळ माहिती अधिकार टाका. जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. वाहतूक सर्वेक्षण केलं का, कुणी केलं, पंचनामा द्या. घाम फुटतो त्यांना.

वकीलसाहेब_नाही
टाका ना, पण उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. तोवर हरकतींची वेळ निघून गेली तर? आधी हरकत, मग माहिती अधिकार.

जुना_खोडकर
माझा उलटा अनुभव आहे. नुसत्या हरकतीची केराची टोपली होते.

वकीलसाहेब_नाही
पोच घेतली होती का?

जुना_खोडकर
तो मुद्दा नाही.

मीनल_आर
ताई, चलन आलं असेल तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर तक्रारीची सोय आहे. दंड पहिल्यांदा ५००, पुढच्या वेळी १५००, शिवाय टोइंगचे वेगळे. माझ्या जुन्या ॲक्टिव्हावर अजून चलनं येतात, गाडी विकली तरी. घेणाऱ्याने नावावर करून घेतली नाही. काय करावं?

अनघा_प
मीनल, चलन आलेलं नाही. स्कूटर शेजाऱ्यांच्या होत्या.
बाकीच्यांना: कोपऱ्यावरच्या विजेच्या डब्यावर एक कागद चिकटवलेला सापडला. निम्मा पावसाने गेलाय. ‘...चौक ते मंगल कार्यालय, दोन्ही बाजूस, प्रायोगिक तत्त्वावर’ एवढं वाचता येतंय. तारखेच्या जागी कुणीतरी शिकवणीची जाहिरात डकवली आहे.

पेठेतला
मंगल कार्यालय! हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. म्हणजे लग्नाच्या गाड्यांमुळे वरात अडली आणि कुणीतरी तक्रार केली.

अनघा_प
कार्यालय गल्लीच्या टोकाला आहे, मला वाटलं ते काही विशेष नाही. त्यांना स्वतःचं पार्किंग आहे, पण मुहूर्त असला की तिथे केटररचे टेम्पो आणि टेबलं असतात, पाहुण्यांच्या गाड्या आमच्या दारात.

टेकडीप्रेमी
मग दुसऱ्या बाजूनेही बघा. मागे आमच्याकडे वरच्या मजल्यावर आग लागली तेव्हा बंब कोपऱ्यावरच अडकला. पाइप ओढत न्यावा लागला. तेव्हापासून मी नो पार्किंगच्या बाजूने आहे. रागावू नका.

वकीलसाहेब_नाही
रागावू नका, मोजा. अनघाताई, डांबराची रुंदी किती? अंदाज नको, टेप लावा. आणि तुमच्या सोसायटीत पार्किंग किती, हेही सांगा, कारण हा प्रश्न तिथे येणारच.

अनघा_प
सोसायटीचा इथे काय संबंध?

सायकलस्वार
आलं लक्षात.

अनघा_प
काही लक्षात आलेलं नाही. स्टिल्ट आहे, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली पार्किंगची जागा. एका बाजूला पाण्याची टाकी आणि मीटर, दुसऱ्या बाजूला एका सभासदाने ग्रिल मारून सामान ठेवलंय. त्यावर सभेत भांडणं होऊन गेली आहेत. उरलेल्यात चार गाड्या मावतात, फ्लॅट बारा.

जुना_खोडकर
ग्रिल! सुप्रीम कोर्टाचा २०१० चा नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटीचा निकाल वाचा. स्टिल्ट बिल्डरला वेगळं विकताच येत नाही, ती सामायिक जागा. त्या सभासदाला नोटीस द्या, उपनिबंधकांकडे जा, मी मसुदा देतो.

पेठेतला
झालं, यांना नवा अर्ज मिळाला. ते ग्रिल बिल्डरने विकलेलं नाहीये हो, सभासदाने लावलंय.

टेकडीप्रेमी
आणि ते काढलं तर किती गाड्या जास्त मावतील? दोन. भांडण मात्र दहा वर्षांचं.

अनघा_प
टेप लावून आले. सात मीटर दहा सेंटिमीटर. कार्यालयाच्या बाजूला जरा जास्त. एका झाडापाशी कमी, तिथे मुळांनी रस्ता उचललाय. आता पुढे?

वकीलसाहेब_नाही
आता बोलता येईल. मोटारीची रुंदी धरा साडेसतराशे-अठराशे मिलिमीटर. दोन्ही बाजूंना लागली की मध्ये साडेतीन मीटर उरतात. बंब अडीच मीटरचा असतो, पण वळणावर, झाडापाशी आणि कुणी तिरकी लावली तर अडकणार. म्हणजे दोन्ही बाजूंना पार्किंगची तुमची मागणी पोलीस मान्य करणार नाहीत, आणि टेकडीप्रेमींचं म्हणणं खरं आहे. पण एकाच बाजूला लावल्या तर पाच मीटरच्या वर मोकळं राहतं. तेव्हा ‘निर्बंध रद्द करा’ असं लिहू नका. ‘दोन्ही बाजूंऐवजी पी-१ पी-२ करा, म्हणजे सम-विषम तारखांना एकेक बाजू’ असं मागा. झाडापाशी आणि वळणावर कायम नो पार्किंग चालेल म्हणा. कार्यालयासमोरच्या टप्प्याचं वेगळं कलम करा, त्यांच्या आवारातली पार्किंगची जागा वापरात नाही याचे मुहूर्ताच्या दिवशीचे फोटो जोडा. फोटोत केटररचा टेम्पो आणि रस्त्यावरच्या गाड्या दोन्ही एकत्र दिसू देत. कलम ११७ मध्ये पार्किंगच्या जागा स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायच्या असं आहे, म्हणून एक प्रत महापालिकेच्या पथ विभागाला. अर्ज हातोहात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही.

पेठेतला
पी-१ पी-२ म्हणजे रोज रात्री बाराला गाडी हलवायची. सासूबाई झोपतील, सूनबाई रिव्हर्स घेतील.

वकीलसाहेब_नाही
मग ‘फक्त सकाळी ८ ते रात्री ९ लागू’ असं मागा. रात्री गल्लीत कोण येतंय?

टेकडीप्रेमी
आग रात्रीच लागते हो बहुतेक वेळा.

सायकलस्वार
कार्यालयाचे फोटो काढण्याआधी स्वतःच्या ग्रिलचा फोटो काढा.

अनघा_प
सायकलस्वार, तुम्ही येऊन ग्रिल काढून द्या, चहा पाजते.
वकीलसाहेब, धन्यवाद. पी-१ पी-२ वर मंडळी तयार होतील, वरच्या जोशीकाकूंना रात्री गाडी हलवणं जमणार नाही, पण त्यांचा भाचा येतो. आता सह्यांचं सांगा. तक्त्यात काय काय हवं?

जुना_खोडकर
नाव, फ्लॅट क्रमांक, मोबाइल, गाडीचा नंबर, सही. शिवाय आधारची झेरॉक्स.

वकीलसाहेब_नाही
आधार कशाला? नाव, पत्ता, सही पुरे.

पेठेतला
आणि गाडीचा नंबर तर अजिबात लिहू नका. टोइंगवाल्यांना आयती यादी कशाला द्यायची?