मेझन क्रीकचे गोटे: दगडातली पानं घरी आणावीत की नाही?

फ्रीजरवाला: शिकागोपासून तास-सव्वातासावर ब्रेडवूड गाव आहे, तिथे मेझोनिया-ब्रेडवूड ही सरकारी राखीव जागा, परमिट काढायचं आणि १ मार्च ते ३० सप्टेंबर एवढ्याच दिवसांत मेझन क्रीकचे गोटे, म्हणजे आत जीवाश्म असू शकणारे दगड, वेचायचे. पूर्वी इथे कोळशाच्या उघड्या खाणी होत्या, कोळशावरची शेल (गाळाचा पातळ थरांचा खडक) उपसून ढीग लावले, त्या शेलमधे हे तांबूस लोखंडी गोटे. साधारण ३१ कोटी वर्षांपूर्वी नदीच्या मुखाशी गाळात पान गाडलं गेलं, ते कुजताना झालेल्या रासायनिक घडामोडीत पाण्यातलं लोह त्याच्याभोवती सिडेराइट हे लोहखनिज होऊन बसलं, आणि गाळ दबायच्या आधीच कवच तयार झाल्यामुळे पानाच्या शिरा न् शिरा राहिल्या. हातोड्याने फोडायचे नाहीत बरं का, पाण्यात भिजवायचे, फ्रीजरमधे ठेवायचे, वितळू द्यायचे, परत तेच, मग कधीतरी आपोआप दोन फाका होतात. आमच्या फ्रीजरमधे किसलेलं खोबरं, मटार आणि गोटे असे शेजारी नांदतात, सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांना वाटलं मी गूळ गोठवतोय.

तर परवा फॅमिली ग्रुपवर न्यूरोप्टेरिस या नेच्यासारख्या प्राचीन वनस्पतीच्या पानाचा फोटो टाकला आणि एका चुलतभावाने लिहिलं, 'हा ठेवा पळवणं आहे'. मला नाही पटलं. तुम्हाला काय वाटतं?

कोळसेवाला: पळवणं कसलं, उलट वाचवणं आहे. उघड्यावर पडलेला गोटा दर हिवाळ्यात गोठतो वितळतो, तुझा फ्रीजर जे करतो तेच थंडी करते, फरक एवढाच की तिथे उघडल्यावर पान पावसात झिजून जातं. आणि त्या ढिगांवर आता झाडं माजलीत, आज नाही उचलला तर मिळणारच नाही.

भूगर्भी: हे 'वाचवणं' प्रकरण फार ऐकलंय. मी नागपूरला जिऑलॉजी शिकलो, कामठीच्या थरांत ग्लॉसोप्टेरिस या प्राचीन झाडाची पानं बघायला सरांनी नेलं तेव्हा पहिला नियम, थर लिहिल्याशिवाय दगड उचलायचा नाही. नाहीतर तो पेपरवेट.

फ्रीजरवाला: अहो पण खाणीने थर आधीच उपसून कालवून टाकलेत, ढिगात कसला थर लिहू?

भूगर्भी: थर नसेल, जागा तरी लिहा ना. पिट ११ या जुन्या खाणीच्या बाजूला समुद्री प्राणी सापडतात, ती एसेक्स मंडळी. दुसरीकडे जमिनीवरचे आणि गोड्या पाण्यातले, ती ब्रेडवूड मंडळी. पानं दोन्हीकडे, म्हणून पान कुणाबरोबर सापडलं ते महत्त्वाचं. हे कळलं कारण संशोधकांनी दोन लाखांवर गोटे उघडून मोजले, रिकामेसुद्धा! तुम्ही हौशी लोक रिकामे फेकता आणि देखणे शोकेसमधे ठेवता, मग उरलेल्या मोजणीला अर्थ काय राहिला?

रविवारची_भटकी: हा मुद्दा खरा आहे पण टली मॉन्स्टर विसरू नका, इथल्याच गोट्यांतला विचित्र समुद्री प्राणी, तो फ्रान्सिस टली नावाच्या हौशी माणसानेच १९५० च्या दशकात शोधून शिकागोच्या फील्ड म्युझियमला दाखवला, १९६६ ला त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं आणि १९८९ ला तो इलिनॉयचा राज्य जीवाश्म झाला. हौशी लोक नसते तर म्युझियमवाल्यांनी एवढे ढीग तुडवले असते का?

भूगर्भी: टली घेऊन गेला दाखवायला, शोकेसमधे नाही ठेवला. माझं म्हणणं तेच तर आहे.

कोळसेवाला: पण भाऊ प्रत्येक पेकॉप्टेरिस (नेच्याचं नेहमी सापडणारं पान) म्युझियमला दिलं तर ते हात जोडतील, एवढी कपाटं नाहीत त्यांच्याकडे.

भूगर्भी: साधं पान ठेवा की घरी, कोण नाही म्हणतंय. मागे चिठ्ठी चिकटवा. पन्नास वर्षांनी नातवंडं खोका काढतील तेव्हा 'आजोबांचे दगड' म्हणून अंगणात टाकतील, चिठ्ठी असली तर निदान कुणाला तरी फोन करतील.

फ्रीजरवाला: मान्य, अर्धं. घरी आणणं चूक नाही हे माझं मत कायम. पण आत्ता फ्रीजर उघडून बघितलं, सतरा गोटे आहेत, कुठला कुठल्या टेकाडावरचा ते मला नऊचंच आठवतंय.

रविवारची_भटकी: उरलेले आठ गूळ समजा.