पेंटिंगचे फोटो ऑनलाइन विकायला कसे काढायचे? गुलालाचा रंग काय केल्या येईना (कोल्हापूर)

गेरू_आणि_गुलाल:
नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेत राहते, नोकरी सांभाळून चित्रं काढते. जास्त करून ॲक्रिलिक आणि ऑइल, अधूनमधून जलरंग. रंकाळा, पन्हाळ्याची तटबंदी, जोतिबाची चैत्र यात्रा असले विषय. इन्स्टावरनं हळूहळू विकायला लागलीत पण फोटोपाशी सगळं अडतंय. यात्रेचं एक कॅनव्हास बेंगळुरूच्या एका बाईंनी घेतलं, पोचल्यावर मेसेज आला, चित्र छान आहे पण फोटोत लाल होतं हे तर गुलाबी आहे. अहो गुलाल गुलाबीच असतोय की! पण त्यांचं तरी काय चुकलं, फोटोत खरंच लालभडक दिसतंय. आणि रंकाळ्याचं उलटं, चित्रात पाणी चांगलं निळं आहे आणि फोटोत करडं येतंय. फोन मध्यम किमतीचा आहे, प्रो मोड आहे त्यात पण मी कधी हात लावला नाही. कॅमेरा घ्यावा का? घर जुन्या वाड्यात आहे, पुढं सोपा (उघडी ओसरी) आणि अंगण, आतल्या खोल्यांत अंधारच. स्टुडिओवाल्याकडं दर चित्राला पैसे देणं परवडणार नाही. कुणी करत असेल तर नीट सांगा.

लेन्सवाला_राजारामपुरी:
ताई, कॅमेऱ्याच्या भानगडीत आत्ता पडू नका. तुमचे दोन्ही प्रॉब्लेम उजेडाचे आहेत, लाखाचा कॅमेरा आणला तरी तेच होणार.

फोटो घरात पिवळ्या बल्बखाली काढताय ना? गुलाबी म्हणजे लाल अधिक थोडा निळा. पिवळ्या बल्बच्या उजेडात निळा भाग मुळातच कमी, मग गुलालातला निळा गळतो आणि उरतो नुसता लाल. रंकाळ्याचं कारण वेगळं. फोनला वाटतं फोटोचा सरासरी रंग करडा असायला पाहिजे, अख्खी फ्रेम निळी दिसली की तो घाबरून पिवळा मिसळतो आणि तुमचं पाणी मेलं. म्हणून ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोननं आपणहून रंग जुळवणं, बंद. प्रो मोडमध्ये डब्ल्यूबी असं लिहिलेलं असतंय, ते दिवसाच्या उजेडाला ५५०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगाचं माप) आसपास फिक्स करा. सावलीत काढत असाल तर उजेड निळसर असतोय, मग ६५०० ते ७५०० कडं न्यावं लागतंय. अंदाज नको असेल तर ग्रे कार्ड, म्हणजे ठरावीक करड्या रंगाचं कार्ड, घ्या, स्वस्तात मिळतंय, चित्राच्या कडेला चिकटवून फोटोत येऊ द्या, एडिटिंगमध्ये त्याच्यावर ड्रॉपर टेकवला की रंग जागेवर, मग कार्ड कापून टाका.

आणि तुमच्याकडं सोपा आहे म्हणता, लोक सॉफ्टबॉक्स (मऊ उजेड देणारी दिव्याची पेटी) विकत घेतात तुम्हाला तो फुकट मिळालाय. वर छप्पर, एक बाजू उघडी, थेट ऊन नाही. चित्र उघड्या बाजूकडं तोंड करून ठेवा, सोप्यातली ट्यूब-बल्ब सगळं बंद, दोन जातीचा उजेड एका चित्रावर पडला तर अर्धं थंड अर्धं गरम येतं आणि मग कुठलंच ॲप ते सरळ करत नाही. भिंत बघा, जुन्या वाड्यात पोपटी नाहीतर गुलाबी डिस्टेंपर असतोय, त्यावरनं उडालेला उजेड चित्रावर बसतो. पावसाळ्यात पुढं निळी ताडपत्री बांधलेली असेल तर त्या दिवसात सोप्याचा नाद सोडा, सगळी चित्रं निळीच येणार. बाजूची भिंत रंगीत असेल तर पांढरं बेडशीट टांगा.

नादखुळा_क्लिक:
मी तर म्हणतो सेकंडहँड डीएसएलआर आणि ५० मिमीची लेन्स घेऊन टाका, एकदाच खर्च. फोन किती केलं तरी फोनच.

लेन्सवाला_राजारामपुरी:
भावा, इन्स्टावर चित्र जातंय १०८० पिक्सेल रुंदीला, त्यात कुणाला कळणाराय कॅमेरा कुठला. मोठे प्रिंट विकायला लागल्या की घेतील. आधी ट्रायपॉड घ्यायला सांग, तो दोन्हीला चालतो.

ताई, फोनचं एक राहिलं. मेन लेन्स वाइड असते, जवळ गेलात की चौकट पोट फुगल्यागत येते आणि कडा वाकतात. मागं सरका आणि २एक्स (दुप्पट झूम) लावा. २एक्स नसेल तर नुसतं मागं सरका आणि नंतर कापा. एआय सीन, एचडीआर, नाइट मोड बंद, हे सगळे स्वतःच्या अकलेनं रंग चढवतात. आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० किंवा त्याच्या आसपास, टायमर २ सेकंद, बोट लावून हलू नये म्हणून. फोन चित्राला बरोबर समांतर आहे का बघायची जुनी युक्ती म्हणजे चित्राच्या मधोमध छोटा आरसा सपाट धरायला सांगा कुणाला तरी, स्क्रीनवर आरशात लेन्सचं तोंड मधोमध दिसलं की फोन सरळ. आरसा काढा, फोटो घ्या. भिंतीला टेकवून तिरकं ठेवलेलं चित्र सरळ फोनवर कधीच चौकोनी येत नाही.

ड्रॉइंग_मास्तर_निवृत्त:
धागा चांगला चाललाय. उत्तरेच्या उजेडाबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण पुस्तकं वाचून मुलं उत्तरेची खिडकी उत्तरेची खिडकी करतात. ती पुस्तकं युरोपातली. तिथं दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला, म्हणून उत्तरेकडनं वर्षभर मऊ उजेड. आपलं कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर, मेच्या पहिल्या आठवड्यानंतर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरनं उत्तरेकडं सरकतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तिकडंच राहतो. म्हणजे ऐन मे महिन्यात उत्तरेच्या खिडकीतनं ऊन आत येतंय. त्या दिवसांत दक्षिणेची बाजू बघा. जूननंतर आभाळ भरलेलंच असतं, मग दिशा कुठलीही चालते, फक्त उजेड कमी म्हणून ट्रायपॉड पाहिजेच.

दुसरं, फोटो जुळवताना मूळ चित्र समोर ठेवा आणि त्याच दिवसाच्या उजेडात ठेवा. रात्री ट्यूबखाली आठवणीनं रंग जुळवायला बसू नका, डोळा लबाड असतो. टाउन हॉलच्या म्युझियममध्ये कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची चित्रं बघून या आणि घरी येऊन कुठल्याही छापील पानावर तेच चित्र बघा, करड्यातले किती करडे गेले ते समजेल. फोटोत पहिल्यांदा करडे जातात, भडक रंग नाही.

गेरू_आणि_गुलाल:
सर, लेन्सवाले दादा, खूप आभार! रविवारी सकाळी सोप्यात करून बघितलं, ५५०० लावून, आणि गुलाल चक्क गुलाबी आला. रंकाळापण सुधारला. आता दोन अडचणी. ऑइलच्या चित्रांवर वार्निश आहे, त्यावर पांढरे डाग चमकतात, कसंही फिरवलं तरी कुठंतरी चमकतंच. आणि घरी यायला रोज सात वाजतात, सुट्टीशिवाय दिवसाचा उजेड मिळत नाही, रात्रीसाठी काय करता येईल? शिवाय गुलाल गुलाबी आला पण सपाट आला, त्यातले पोत दिसेनात.

लेन्सवाला_राजारामपुरी:
सपाटचं आधी. गुलाल एवढा तीव्र रंग असतोय की लाल चॅनेल भरून वाहतो, मग घडी, सावली, ब्रशचा फटका सगळं एकाच रंगात बुडतं. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली घ्या, उणे ०.३ ते ०.७, आणि फोनमध्ये रॉ (फोननं रंग न बदललेली कच्ची फाइल) निघत असेल तर रॉ काढा. नंतर ब्राइटनेस वाढवा, सॅच्युरेशनला हात लावू नका. पांढऱ्या कागदावरच्या जलरंगाला मात्र उलटं, तिथं फोन कागद करडा करतो, अधिक ०.७ पर्यंत न्यावं लागतं. एकच सेटिंग सगळ्या चित्रांना लावायचा मोह टाळा.

रात्रीसाठी दोन सारखे एलईडी बल्ब. सारखे म्हणजे एकाच कंपनीचे, एकाच खोक्यातले. खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, कमाल १००) लिहिलेला असतो तो ९० च्या वर, ९५ मिळाला तर उत्तमच, रंग ५००० ते ५६०० केल्व्हिन. साध्या बल्बला ८० असतो आणि त्यात गडद लाल नेमका मार खातो, तुमचा सगळा धंदाच गुलालावर. चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशावर, चित्रापासनं लांब, म्हणजे मधे आणि कडेला उजेड सारखा पडतो. सारखा पडलाय का बघायला चित्राच्या मधोमध पेन्सिल खिळ्यासारखी बाहेर उभी धरा, दोन्हीकडच्या सावल्या सारख्याच काळ्या दिसल्या पाहिजेत. फोटोत आडवे पट्टे आले तर घाबरू नका, आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातला बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० नाहीतर १/१०० सेकंद ठेवलं की पट्टे जातात.

चमकेचं म्हणजे, चित्रावर जे चमकतंय ते कशाचं तरी प्रतिबिंब आहे. दिवे आणखी बाजूला सरकवा, फोनच्या मागं काळं कापड टांगा, स्वतः पांढरा शर्ट घालून समोर उभं राहू नका. तरी गेलं नाही तर पोलरायझर, म्हणजे चमक अडवणारा फिल्टर. नुसता लेन्सवर लावून दिव्याच्या चमकेला थोडाच फरक पडतो, दिव्यांवरपण पोलरायझिंग फिल्म लावायची, दोन्ही दिव्यांची एकाच दिशेनं, आणि लेन्सवरचा फिल्टर फिरवत जायचं, काटकोनात आला की चमक गायब. पण पूर्ण गायब करू नका, ऑइलचा जाड फटका दिसायला थोडी चमक लागते, नाहीतर पोस्टर वाटतं. सगळ्यात सोपं म्हणजे वार्निश मारायच्या आधीच फोटो काढायचा.

प्रिंटवाली_लक्ष्मीपुरी:
मी प्रिंटचं काम करते म्हणून सांगते, लोक आमच्याकडं व्हॉट्सॲपवरनं आलेली फाइल घेऊन येतात आणि ए३ प्रिंट मागतात. व्हॉट्सॲप फोटो चेपतं हो, पाठवायचंच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ए३ ला ३०० डीपीआयनं (एका इंचात ३०० ठिपके) ४९६१ बाय ३५०८ पिक्सेल लागतात, १२ मेगापिक्सेलचा फोन देतो ४००० बाय ३०००, म्हणजे थोडं कमी पडतं, पण २४० डीपीआयला बसतं आणि भिंतीवर लावायला चालून जातं. छोटे जलरंग असतील तर फोटोच कशाला, सपाट कागद ए४ च्या आतला असेल तर फ्लॅटबेड स्कॅनर, ६०० डीपीआय. फक्त कागद पूर्ण वाळलेला पाहिजे आणि सोनेरी रंग किंवा वर्ख असेल तर स्कॅनरमध्ये तो तपकिरी चिखल होतो, त्याचा फोटोच काढा आणि दिवा एका बाजूनं मारा.

वेबवर टाकायची फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीतच सेव्ह करा. कुणी ॲडोब आरजीबी चांगलं म्हणून सांगितलं आणि तसंच अपलोड केलं की काही स्क्रीनवर सगळं फिकं दिसतं. मोठी मूळ फाइल घरी ठेवा, वेबवर लांब बाजू २००० पिक्सेल बास झाली. वॉटरमार्क चित्राच्या मधोमध आडवा मारणारे मला कळत नाहीत, चोरी थांबत नाही आणि गिऱ्हाईक मात्र थांबतं.

भिंत_रिकामी_आहे:
मी काढत नाही, विकत घेतो. घेणाऱ्याच्या बाजूनं सांगू का? एक सरळ समोरचा फोटो झाला की मला बाकीचे जास्त महत्त्वाचे. कॅनव्हासची कड कशी आहे, पाठीमागं लाकडी पट्टी कशी आहे, सही जवळनं, आणि एक फोटो कुणीतरी हातात धरलेला, म्हणजे आकार कळतो. २४ बाय ३६ इंच लिहिलेलं वाचून डोळ्यासमोर काही येत नाही. ते सोफ्यावर टांगलेलं खोटं मॉकअप असतंय ना, परदेशी हॉल, पांढरी भिंत, त्यात चित्राचा आकार हवा तसा केलेला असतो, मी तसलं दिसलं की पुढं सरकतो. त्यापेक्षा तुमच्या सोप्यात खुंटीवर टांगून काढा. आणि दिवसा उजेडात हळू फिरवलेला दहा-पंधरा सेकंदाचा व्हिडिओ टाका, पोत त्यात कळतं. माझ्या फोनची स्क्रीन व्हिव्हिड मोडवर होती ते मला एका चित्रकारानं सांगितल्यावर कळलं, नॅचरल केल्यावर अर्धा फरक गेला. हे तुम्ही माहितीत एका ओळीत लिहिलंत तर भांडणं कमी होतील.

गेरू_आणि_गुलाल:
हे बेस्ट. व्हिव्हिडचं मी माझ्याच फोनवर बघितलं, माझीपण तशीच होती! म्हणजे मी जुळवत होते ते पण त्याच स्क्रीनवर.

पावडर_शेडिंग_प्रेमी:
धाग्यात घुसतो, माफी. वडिलांची पावडर शेडिंगची (कोरडी रंगपूड कागदावर घासून काढलेली) चित्रं आहेत, नट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरेंच्या चित्रांचा लई प्रभाव त्यांच्यावर. सगळी काचेत. काच काढली तर पावडर निघायची भीती, आणि काचेत फोटो काढला तर चित्रापेक्षा माझं तोंड जास्त दिसतंय. विकायची नाहीत, भाऊ पुण्यात आहे त्याला आणि नातेवाइकांना द्यायला चांगले प्रिंट पाहिजेत.

ड्रॉइंग_मास्तर_निवृत्त:
काच काढू नका. पावडर काचेला चिकटलेली असू शकते, सोलून येईल.

लेन्सवाला_राजारामपुरी:
सर म्हणतात ते बरोबर. काचेत समोरची उजेडाची वस्तू दिसते, म्हणून समोर काही उजळ ठेवायचंच नाही. खोलीत अंधार करा, दोन दिवे चित्राच्या दोन बाजूंना, ४५ पेक्षापण जास्त तिरके, असे की दिव्याचा उजेड फोनवर पडणार नाही. मोठं काळं कापड घ्या, जुनी काळी ओढणी चालते पण दुहेरी करा, मधे लेन्सएवढं भोक पाडा, तुम्ही आणि फोन त्याच्या मागं. मागं सरकून २एक्सनं काढा, जवळनं काढलं की कापडाची कड काचेत येते. काच आधी आतल्या बाजूची नाही, बाहेरचीच पुसा, सुक्या कापडानं, स्प्रे मारू नका, फ्रेमच्या फटीतनं ओल आत जाते. पावडर शेडिंग काळं-करडं असलं तरी फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायची घाई नको, जुन्या कागदाचा पिवळेपणा राहू द्या, प्रिंटवर तोच छान दिसतो. जुन्या काचेला हिरवट झाक असते ती मात्र ग्रे कार्ड काचेच्या आत ठेवता येत नसल्यामुळं जाणार नाही, कागदाची कोरी कड बघून हातानंच काढा.

पावडर_शेडिंग_प्रेमी:
ओढणी आईची मागतो, भोक पाडायचं सांगत नाही.

प्रिंटवाली_लक्ष्मीपुरी:
काळं पोलिस्टर घेऊ नका, ते स्वतःच चमकतं. सुती घ्या. आणि प्रिंट मॅट कागदावर काढा, ग्लॉसीवर पावडर शेडिंगचा मऊपणा सगळा जातो. आधी छोटा तुकडा टेस्ट काढून बघा, मग सगळी.