घरात पोतंभर जुने कपडे पडलेले असताना टेडी विकत कशाला आणायचा?

सुईदोरा
मंडळी, परवा नात्यातल्या एका छोटीच्या वाढदिवसाला मी जुन्या सुती साडीचा हत्ती शिवून नेला, कानांना खणाचे तुकडे, सोंडेत थोडा जास्त कापूस म्हणजे ती ताठ राहते. तर तिथे एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, अगंबाई, चिंध्या आणल्यास का! मी तेव्हा हसले पण डोक्यातून काही जाईना, म्हणून इथे लिहितेय.

माझं मत सरळ आहे. पाच वर्षांच्या आतल्या पोराला विकतचं केसाळ टेडीबिडी आणूच नये, घरातल्या जुन्या कपड्यांचं शिवून द्यावं. कारण जुना सुती कपडा शंभरदा धुतलेला असतो, त्यातली खळ गेलेली, सुटायचा तेवढा रंग सुटून गेलेला, म्हणूनच आपल्याकडे बाळाचे लंगोट आणि दुपटी आजीच्या नऊवारीची नाहीतर आजोबांच्या धोतराची करायचे, नवं कापड बाळाच्या अंगाला लावायचे नाहीत. पाळण्यावरचं चिमणाळं तरी काय होतं, कापडी चिमण्या-पोपटच की. दुसरं म्हणजे आत काय भरलंय ते मला माहितीय. आणि तिसरं, पोर शेजारी बसून बघतं की कापडाच्या सपाट तुकड्याचा हत्ती कसा होतो. उलट्या बाजूने शिवून तीन बोटं जागा ठेवायची, त्यातून सगळं सुलट करायचं, कोपरे चमच्याच्या दांड्याने बाहेर काढायचे, त्या वेळी पोरांचे चेहरे बघा एकदा!

बोला आता. चिंध्या म्हणा हवं तर.

निनाद_ठाणे
ताई हत्ती छानच असणार, पण जुनं ते सोनं छापाचं बोलणं मला पटत नाही. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, आणि तो काही उगाच नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचं सोपं उदाहरण देतो, ३१.७ मिमी व्यासाचं एक छोटं नळकांडं असतं, खेळण्याचा सुटा किंवा ओढून निघालेला भाग त्यात अख्खा मावला तर ते खेळणं नापास, कारण तेवढी वस्तू लहान मुलाच्या घशात अडकू शकते. शर्टाचं बटण त्यात मावतं, मणी मावतो, घुंगरू तर हमखास मावतं. आणि घरी शिवणारी माणसं डोळ्यांना नेमकी हीच लावतात, कुठलाही टाकाऊतून टिकाऊचा व्हिडिओ काढून बघा, बटणांचे डोळे आणि टिकल्यांचं नाक! तुमच्या हत्तीला ओढून कोणी बघितलं?

सुईदोरा
@निनाद_ठाणे मी बघितलं, माझ्याच दाताने. डोळे दोऱ्याने भरते मी, बटण लावतच नाही. शेपटीची नाडी वीतभराच्या आत, गळ्यात काही बांधायचं नाही, टीप दुहेरी. आणि मार्कचं म्हणाल तर जत्रेत, सिग्नलला, लग्नाच्या हॉलबाहेर जे टेडी विकतात त्यातल्या एकावर मला तो मार्क दाखवा, मी इथे सगळ्यांची माफी मागेन. शिवाय हल्ली गाणी म्हणणारी, दिवे लागणारी सॉफ्ट टॉइज येतात त्यात बटणाएवढे सेल असतात, ते पोराने गिळले तर अन्ननलिका भाजून निघते. चिंधीने तसं काही होत नाही.

निनाद_ठाणे
म्हणजे बाजारात नियम पाळत नाहीत म्हणून घरीही नको? हे काय लॉजिक झालं. तुम्ही डोळे भरता हे चांगलं आहे पण तुमचं बघून जी दुसरी कोणी उत्साहाने शिवायला बसेल ती बटणच लावणार, त्याचं काय.

पल्लवी_कुडाळ
मी शिवते पण आणि विरोधातही आहे, चालेल का 😀 आमच्याकडे जून ते सप्टेंबर जाड टॉवेल धड वाळत नाही, चिंध्या भरलेली बाहुली कुठून वाळणार. वरून कोरडी लागते आणि पोटात ओल असते, आठवड्यात कुबट वास आणि मग काळे ठिपके. आणि पोर ती बाहुली तोंडात घालतंय, तिला घेऊन झोपतंय. माझ्या भावाच्या मुलाला बालदमा आहे, त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय की जे खेळणं गरम पाण्यात धुता येत नाही ते अंथरुणात नको, त्यात धुळीचे किडे होतात. आता शेवरीचा कापूस भरलेला ससा गरम पाण्यात घालून बघा, लाडू होतो त्याचा. विकतचा फायबर भरलेला टेडी निदान मशीनमध्ये फिरवून पंख्याखाली टाकला की दुसऱ्या दिवशी हातात.

यावर मी काढलेला मार्ग असा की बाहुलीला उशीसारखी खोळ करते, पाठीत चेन नाही, नुसती एकावर एक येणारी पट्टी. आत जुन्या टीशर्टच्या पट्ट्या, एकाच पातळ पिशवीत शिवलेल्या. पावसाळ्यात पिशवी वेगळी, खोळ वेगळी. पण मग त्याचा शेप काही गोंडस वगैरे होत नाही, पोर म्हणतं ही उशी आहे. 🤷

घरकोंबडा_बाबा
सगळेजण बाहुलीवरच अडकलेत. अहो कापडी चेंडू! जुन्या साडीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या फाडायच्या, कात्रीने कापायच्या नाहीत, एक छेद देऊन टर्रकन फाडायच्या म्हणजे धाग्यात सरळ जातात, मग गच्च गुंडाळत जायचं, दर दोन पट्ट्यांनी दिशा बदलायची नाहीतर लंबुळका होतो, शेवटी मोज्याच्या पंजात घालून तोंड शिवून टाकायचं. लगोरी खेळा, आबाधुबी खेळा, पाठीत बसला तरी आवाज येतो आणि लागत नाही, फ्लॅटमधली काच फुटत नाही, खालच्या काकांची बेल वाजत नाही. हा चेंडू माझ्या मुलाने स्वतः केलाय, मी फक्त मोजा दिला (धुतलेला).

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं हेच केलं, काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, कागद, यातून खेळणी. २०१८ ला पद्मश्री मिळाली त्यांना. त्यात मुलं करतात आणि मोडून बघतात. सुईदोराताई, तुमच्या हत्तीबद्दल माझी तक्रार एवढीच की तो तुम्ही केलात. पोराने काय केलं, बघितलं.

मुक्ता_न_
बाबांनी शेवटच्या ओळीत जे म्हटलंय त्याच्या जरा पुढे जाते, कारण या सगळ्या चर्चेत एक गोष्ट कोणी बोलतच नाहीये. हे शिवायला बसतं कोण?

माझ्या मुलीच्या शाळेत दर वर्षी टाकाऊतून टिकाऊ असतं. निरोप येतो गुरुवारी संध्याकाळी, वस्तू हवी शनिवारी सकाळी. मुलगी नऊला झोपते आणि मी ऑफिस, स्वयंपाक, डब्याचं भिजवणं उरकून अकराला मोज्याचा ससा करत बसते, नवरा अधूनमधून डोकावून म्हणतो वा छान झालाय. शाळेत बक्षीस मिळतं ते मुलीला. म्हणजे वस्तू टाकाऊ, वेळ माझा, आणि वेळ फुकटच धरलेला. टेडी आणला तर तीनशे रुपये जातात, ससा शिवला तर माझी झोप जाते, पण झोपेचा हिशोब कुठल्या वहीत लिहायचा असतो? पूर्वीच्या बायका करायच्या, हे मला सांगू नका, त्यांना दुसरा पर्यायच नव्हता, बाजारात दुकान होतं पण हातात पैसे नव्हते. हौस असेल तर जरूर शिवा, मला हौस नाही. पण विकतचं आणूच नये असं जेव्हा म्हणता तेव्हा ते हौसेचं राहत नाही, माझ्यासारखीच्या डोक्यावर आणखी एक काम बसतं.

सुईदोरा
@मुक्ता_न_ अहो पण शाळेचा राग माझ्या हत्तीवर का काढताय 😅 शाळेने मुलांकडून वर्गात करून घ्यावं, आयांकडून नाही, हे शंभर टक्के मान्य. पण तुमचा नवरा डोकावतो आणि बसत नाही, हा प्रश्न कापडाचा आहे का?

मुक्ता_न_
कापडाचा नाहीच. पण तुमच्या धाग्यात कापड आलं की बाईच येते. वरची उत्तरं बघा, बाबा सोडून शिवणाऱ्या सगळ्या आपणच.

मापटं
मला वेगळीच शंका आहे. जुने कपडे म्हणजे कचरा हे कोणी ठरवलं? आमच्या आळीत अजून बोहारीण येते, डोक्यावर भांड्यांची पाटी, साड्या उलगडून उजेडात धरून बघते, कुठे विरलीय का, मग एका पातेल्यावरून पाऊण तास घासाघीस. ती ते कपडे नेते, धुऊन, शिवून, इस्त्री करून जुन्या बाजारात विकले जातात आणि ज्याला नवा शर्ट परवडत नाही तो तिथून घेतो. म्हणजे तुमची ती सुती साडी कोणाच्या तरी अंगावर गेली असती. तुम्ही तिला कात्री लावून हत्ती केला आणि वर काटकसर केली म्हणताय. आणि आता भांड्याऐवजी ऑनलाइन ऑर्डर देतात लोक आणि कपडे सोसायटीच्या कचऱ्यात, त्यामुळे त्या बायकांचा धंदा आधीच बसलाय.

सुईदोरा
@मापटं मुद्दा चांगला आहे पण बोहारीण फाटकं घेत नाही हो. ती जी उजेडात धरून बाजूला फेकते ना, तीच साडी मी घेते. पदराकडचा भाग, ओच्याचा भाग बहुतेक शाबूत असतो, विरते ती मधे, बसायच्या जागी. टेलरकडच्या कातरणी, बाह्या कापलेले कुर्ते, बनियन, एकटे पडलेले मोजे, यांना कोण भांडं देतंय? धडका कपडा कापू नये याच्याशी मी सहमत, नव्या साड्या कापून व्हिडिओ करणाऱ्यांना माझाही नमस्कारच.

निनाद_ठाणे
अजून एक. सिंथेटिकबद्दल कोणी बोललं नाही. हल्ली घरात सुती किती असतं? साड्या जॉर्जेटच्या, शर्ट टेरीकॉट, लेगिंग नायलॉन. ते कापड पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. दिवाळीत, निरांजनाजवळ पोर हातात बाहुली घेऊन बसलं तर? कडा पण उसवत जातात त्याच्या, सुळसुळीत असल्यामुळे टीप धरत नाही.

पल्लवी_कुडाळ
हे बरोबर बोललात. दोन धागे काढून जाळून बघायचे, कागदासारखा वास येऊन राख झाली तर सुती, गोळी होऊन घट्ट झाली तर ती साडी पायपुसण्याला.

अंगणवाडी_ताई
शहरातली चर्चा वाचून मजा वाटली. आम्हाला प्रशिक्षणात सांगतात परिसरातल्या साहित्यातून खेळणी बनवा, कापडी बाहुल्या, बोटातली बाहुली, भाज्यांचे आकार. बनवतोही, गोष्ट सांगताना बोटातल्या बाहुलीइतकं दुसऱ्या कशाचं पोरं ऐकत नाहीत, जो मुलगा दोन महिने तोंड उघडत नव्हता तो बाहुलीशी बोलायला लागला. पण मुलांची वजनं घ्या, आहार वाटा, ॲपमध्ये नोंदी करा, घरभेटी करा आणि उरलेल्या वेळात शिवा, तर सुईदोरा पण आमच्याच पैशाचा. आणि गावातले पालक काय म्हणतात सांगू? आमच्या घरात चिंध्याच आहेत, अंगणवाडीत तरी पोराला रंगीत प्लास्टिकचं काहीतरी द्या. ज्याच्या घरात टेडीची रास पडलीय त्यालाच चिंधीच्या बाहुलीचं कौतुक, असं माझं मत झालंय. राग मानू नये.

मुक्ता_न_
+१००

घरकोंबडा_बाबा
@अंगणवाडी_ताई राग कसला, हे पहिल्या पोस्टच्या वर पिन केलं पाहिजे.

सुईदोरा
@अंगणवाडी_ताई तुमचं पटतंय आणि टोचतंय पण. तरी एक विचारते, त्या पालकांना प्लास्टिक का हवंय, पोराला आवडतं म्हणून, की लोकांना दिसतं म्हणून? परवा ज्या बाई चिंध्या म्हणाल्या त्यांच्या घरात काही कमी नाही. लाज दोन्हीकडे तीच आहे. माझं पाच वर्षांखालचं म्हणणं मी सोडत नाही, फक्त ज्यांच्याकडे निवडायची सोय आहे त्यांच्यापुरतं म्हणते.

खणखणीत
इथे एक कामाचा प्रश्न. मी खणाच्या आणि कातरणीच्या बाहुल्या करून प्रदर्शनात विकते. निनाद म्हणतायत तो मार्क मलाही लागतो का? घरच्या घरी देण्याला कोणी विचारत नाही हे माहितीय.

निनाद_ठाणे
@खणखणीत विकताय म्हणजे नियम लागू होतो. त्यातून सूट आहे ती हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना, त्यांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना. तुमचं कारागीर ओळखपत्र नसेल तर आधी ते काढा. आणि सूट मिळाली तरी घुंगरू लावू नका, नळकांड्याला ओळखपत्र दिसत नाही.

तान्हुल्याची_आई
माझं बाळ चार महिन्यांचं आहे, सासूबाईंनी सुंदर चिमणाळं केलंय जुन्या पैठणीच्या काठाचं, आणि एक कापडी ससा पाळण्यात ठेवायला. ठेवू ना?

पल्लवी_कुडाळ
ससा पाळण्यात नको. वर्षाच्या आत झोपताना उशी, मऊ खेळणी, जाड दुपटी काहीच बाजूला ठेवू नये, नाकातोंडावर आलं तर बाळाला हाताने सारता येत नाही. जागं असताना तुमच्यासमोर खेळू दे. चिमणाळं हात पोचणार नाही इतकं उंच बांधा, आणि बाळ हातांवर जोर देऊन उठायला लागलं की उतरवून ठेवा, दोऱ्या असतात त्यात. काठाची जरी टोचते, म्हणून जरीचं काही हातात देऊ नका. सासूबाईंना सांगायचं कसं ते मात्र इथे विचारू नका 😄

मुक्ता_न_
सासूबाईंना नवऱ्याने सांगायचं. त्यांचीच आई ना.

मापटं
झालं, चर्चा आता सासूवर आली. मी भांडी मोजतो.

घरकोंबडा_बाबा
त्याआधी सुईदोराताईंना एक विचारतो, मुलगा चेंडू सोडून आता हत्तीच्या मागे लागलाय. मशीन नाही आमच्याकडे, हाताने शिवणार, म्हणजे तो शिवणार आणि मी सुईत दोरा ओवणार. टिपेच्या बाहेर माया किती सोडायची?

सुईदोरा
हाताने असेल तर अर्धा इंच. उलटी टीप घालायला सांगा, धावदोरा नको, कापूस भरताना सुटतो. सोंडेच्या वळणावर मायेत छोट्या छोट्या चिरा मारा, टाक्याच्या अलीकडे थांबून, नाहीतर सुलट केल्यावर सोंड आखडते. कागदावरचा आकार संध्याकाळी टाकते.