पुरुषोत्तम करंडक कुणालाच न देणं योग्य होतं का?

तिसरी घंटा
ऑगस्ट आला की हे पुन्हा सलतं. सप्टेंबर २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या परीक्षकांनी एकही एकांकिका त्या तोडीची नाही असं ठरवून करंडक कुणालाच दिला नाही. महाराष्ट्रीय कलोपासक १९६३ पासून ही स्पर्धा घेतेय आणि पुण्यातल्या नाटकवेड्या पोरांवर या संस्थेचे उपकार आहेत, हे आधीच सांगतो. पण तो निर्णय चुकला.

आम्ही वर्ग सुटले की बाकं भिंतीला लावायचो आणि फरशीवर खडूनं रंगमंचाची हद्द आखायचो. साडेआठला शिपाई काका दिवे घालवायला आले की उरलेला प्रवेश पार्किंगमध्ये, मोबाईलच्या उजेडात. दोन महिने असे काढून आलेल्या मुलांना 'तुमच्यातलं कुणीच लायक नाही' असं ऐकवायचं? स्पर्धा त्या वर्षी आलेल्या संघांची असते. त्यांच्यात जो सरस, करंडक त्याचा.

जुना प्रेक्षक
अजिबात पटलं नाही. दर वर्षी द्यायचाच म्हणून दिला तर त्या करंडकासाठी जीव कोण टाकेल? पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमधून जब्बार पटेल, मोहन आगाशे पुढे आले, ते याच स्पर्धांच्या वातावरणात. स्पर्धा जिथे होते त्या भरत नाट्य मंदिरातला प्रेक्षक ढिसाळ प्रयोगाला टाळी देत नाही, आणि संघासाठी घुमणारी 'आव्वाज कुणाचा' ही आरोळी फुकट मिळत नाही. परीक्षकांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं आणि संस्थेनं निर्णय फिरवला नाही. मला त्याचा आदर वाटतो. विशीतल्या मुलांना खोटं कौतुक देणं हा त्यांचा अपमान आहे.

तिसरी घंटा
खोटं कौतुक कोण मागतंय? प्रयोगाची हवी तेवढी चिरफाड करा, पण मुलांना समोर बसवून. संहिता कुठे पडली, दिग्दर्शकानं काय उसनं आणलं, कुठली वाक्यं तिसऱ्या रांगेपर्यंतही पोहोचली नाहीत, हे कळलं तर पोरगं पुढच्या वर्षी सुधारून येईल. रिकाम्या हातांनी परत पाठवून त्याला काय कळलं?

विंगेतली
तुम्ही दोघं करंडकावरच अडलात. ठाण्यात समता विचार प्रसारक संस्था वस्तीतल्या मुलांसोबत 'वंचितांची रंगभूमी' चालवते. नाटककार रत्नाकर मतकरींनी ती कल्पना मांडली आणि शेवटपर्यंत लावून धरली. मुलं आपल्याच वस्तीतले विषय घेतात, आपणच नाटिका बसवतात. तिथे धडपड असते ती मूल रंगमंचावर उभं राहावं आणि आपलं म्हणणं त्यानं आपल्या भाषेत मांडावं यासाठी. तरुण कलाकाराला हात देणं मी याला म्हणते. पुरुषोत्तममध्ये पोहोचतं कोण? ज्याच्या महाविद्यालयात नाट्यमंडळ आहे तो. बाकीच्यांचं काय?

जुना प्रेक्षक
ताई, ठाण्याच्या कामाबद्दल दुमत नाही. पण एकाच संस्थेनं सगळं करावं ही अपेक्षा रास्त आहे का? प्राथमिक फेरीत रोज तीन एकांकिका, असे कितीतरी दिवस. आपापले व्याप सांभाळून माणसं हे उभं करतात, वर्षानुवर्षं. घडवायचं काम महाविद्यालयांचं. सांस्कृतिक निधीच्या नावानं फी घेतात ना? मग तालमीला एक खोली का देत नाहीत?

विंगेतली
हे मात्र शंभर टक्के खरं. आमच्याकडे मुलींना सातनंतर थांबायची परवानगीच नव्हती, म्हणून दोन वर्षं आमच्या एकांकिकेत स्त्री-पात्र एकच असायचं. तिसऱ्या वर्षी आम्ही पालकांच्या सह्या घेतल्या, एक मॅडम रोज आमच्यासोबत बसायला तयार झाल्या आणि नऊपर्यंत सभागृह मिळालं. त्या वर्षी रंगमंचावर पाच मुली होत्या. अंतिम फेरीत गेलो नाही, तरी त्यातली एक आज संहिता लिहिते.

तिसरी घंटा
त्या मॅडमसारखं कुणी आम्हाला भेटलं असतं तर! करंडकाबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही.