खंडपीठाचा आकारही बघायला हवा

असं म्हणतात की १९७८ च्या मनेका गांधी निकालानंतर (पासपोर्ट जप्तीचा खटला, ज्यात जगण्याच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अर्थ व्यापक केला गेला) सर्वोच्च न्यायालय मालमत्तेच्या खटल्यांकडून माणसाच्या हक्कांकडे वळलं. बरोबर, पण अर्धंच. त्याच वर्षीच्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढला (उरला तो कलम ३०० अ खालचा साधा घटनात्मक हक्क), त्यामुळे गोलकनाथ (१९६७) छापाच्या, म्हणजे जमीन गेली म्हणून मूलभूत हक्काचा आधार घेऊन लढलेल्या खटल्यांतली हवा गेली. जनहित याचिका त्यानंतरच्या. मुंबईतल्या पोलीस कोठडीतल्या स्त्रियांबद्दल पत्रकार शीला बरसे यांनी लिहिलेलं पत्रच रिट याचिका (मूलभूत हक्कांसाठी थेट न्यायालयाकडे केलेला अर्ज) म्हणून दाखल झालं, निकाल १९८३.

खरा बदल मात्र कलम १३६ ने केला: त्याखाली खालच्या जवळपास कुठल्याही निकालाविरुद्ध विशेष अनुमती मागून सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, त्यामुळे काम वाढत गेलं. १९५० मध्ये न्यायाधीश ८, २०१९ मध्ये मंजूर संख्या ३४, आणि बहुतेक कामकाज दोघा-तिघांच्या खंडपीठांपुढे. घटनेच्या अर्थाचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर कलम १४५(३) प्रमाणे किमान पाच जण लागतात. ते पाच बसले की त्यांची नेहमीची खंडपीठं मोडतात, म्हणून मोठ्या खंडपीठाकडे पाठवलेले असे प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळतात.

कलम १३६ खालच्या या विशेष अनुमती याचिकेची मुदत साधारण ९० दिवस. ती कारण न देता फेटाळली, तर उच्च न्यायालयाचा निकाल त्यात विलीन होत नाही, म्हणजे तो सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ठरत नाही (कुन्हयम्मद खटला, २०००). तरी 'सुप्रीम कोर्टाने शिक्कामोर्तब केलं' अशा बातम्या सर्रास येतात!