समुद्रातल्या तेलकामात निअर मिसचे, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांचे, अहवाल एकमेकांना देणं सगळ्या कंपन्यांवर सक्तीचं करावं का?

दर्यावर्दी:
मी डीपीओ (डायनॅमिक पोझिशनिंग ऑपरेटर) आहे. नांगर न टाकता, थ्रस्टरच्या (जहाज हवं तिकडे ढकलणाऱ्या पंख्यांच्या) जोरावर जहाज तेलाच्या प्लॅटफॉर्मशेजारी एका जागी धरून ठेवणं हे माझं काम. माझ्या मते सक्ती हवीच.

२७ जुलै २००५ आठवा. मुंबई हायवर ‘समुद्र सुरक्षा’ जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली. पावसामुळे हेलिकॉप्टर बंद, म्हणून त्याला क्रेनच्या बास्केटमधून प्लॅटफॉर्मवर घ्यायचं ठरलं. आडोशाच्या बाजूची क्रेन नादुरुस्त होती, थ्रस्टरही त्रास देत होता. जहाज वाऱ्याच्या बाजूने गेलं, लाटेने ढकललं आणि जहाजाचा हेलिडेक गॅसच्या रायझरवर, म्हणजे समुद्रतळातून वर येणाऱ्या पाइपवर, आदळला. साधारण दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म आगीत कोसळला. २२ जण गेले.

नादुरुस्त क्रेन, अडकलेला थ्रस्टर या गोष्टी आम्ही रोज बघतो. माझ्याच जहाजाच्या थ्रस्टरची पिच (पात्यांचा कोन) एका रात्री अडकली आणि आम्ही प्लॅटफॉर्मकडे सरकायला लागलो. हाताने कसंबसं बाहेर काढलं. अहवाल आमच्या ऑफिसात गेला, तिथेच राहिला. काही महिन्यांनी दुसऱ्या कंपनीतला मित्र फोनवर अगदी हाच बिघाड सांगत होता.

सेफ्टीवाला:
तळमळ पटते, सक्तीला मात्र माझा विरोध आहे. टेंडर भरताना मागच्या वर्षांचे अपघात विचारतात. सक्तीने दिलेला कागद उद्या स्पर्धकाच्या हातात दिसला, की कॅप्टन लिहायचंच बंद करील. आयएमसीए ही समुद्रात काम करणाऱ्या कंत्राटदार कंपन्यांची संघटना नावं वगळून सेफ्टी फ्लॅश, म्हणजे अशा घटनांची छोटी पत्रकं, काढते, ते कुणालाही वाचता येतात. राजीखुशीने लिहिलेलं असतं म्हणून त्यात खरं सापडतं.

दर्यावर्दी:
फ्लॅश मी दर वेळी वाचतो, उपयोगही होतो. पण माझ्या त्या रात्रीचा अहवाल त्यात कधी आला नाही. पाठवायचा की नाही हे ऑफिसने ठरवलं.

रिगर_रत्नागिरी:
तुम्ही दोघं ब्रिजवरचं, जहाज चालवणाऱ्यांचं बोलताय. मी बार्जवर रिगर आहे, क्रेनला सामान बांधायचं काम करतो. मे २०२१, तौक्ते वादळ. पी-३०५ या बार्जवर २६१ माणसं होती, त्यात वेल्डर, फिटर, रिगर, खलाशी. बार्जला स्वतःचं इंजिन नाही, नांगर तुटले की ती वारा नेईल तिकडे जाते. ती बार्ज आणि वरप्रदा टग (जहाजं ओढणारी बोट) मिळून ८६ जण गेले. तिथे माहिती कमी पडली का हो? हवामान खात्याचे इशारे काही दिवस आधीच आले होते. ‘आता बंदरात चला’ असं म्हणायचा हक्क खालच्या माणसाला नव्हता. आधी तो द्या, मग अहवाल वाटा.

अबर्डीनकर:
इथे उत्तर समुद्रात सक्ती आणि राजीखुशी दोन्ही गोष्टी झाल्या, त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. १९८८ मध्ये पायपर अल्फा या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर आग लागून १६७ माणसं गेली. लॉर्ड कलन यांच्या चौकशीतून १०६ शिफारशी आल्या आणि प्लॅटफॉर्म सुरक्षित आहे हे कंपनीनेच आधी सिद्ध करावं, असा कायदा झाला. कंपन्या आपणहून ‘स्टेप चेंज इन सेफ्टी’ या सुरक्षेच्या उपक्रमासाठी एकत्र आल्या त्या १९९७ मध्ये. अमेरिकेतही तेच. २०१० मध्ये समुद्रातली मकोंडो तेलविहीर फुटून ८७ दिवस वाहत राहिली, तेव्हा कुठे चार बड्या तेल कंपन्यांनी विहीर बंद करायची सामायिक यंत्रणा उभी करायचं ठरवलं. धाक नसताना कुणी सोबत बसत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

सेफ्टीवाला:
ठीक आहे. अहवाल नाव वगळून द्यायचा आणि निअर मिस टेंडरमध्ये मोजायचे नाहीत, असं नियमातच लिहिलं तर सक्तीला माझी हरकत नाही. रिगरभाऊ, तुमच्या बार्जवर निअर मिसचा फॉर्म असतो ना?

रिगर_रत्नागिरी:
असतो की. इंग्रजीत. भार उचलताना शॅकलची (तो अडकवायच्या लोखंडी कडीची) पिन सुटली आणि लोखंड माझ्या खांद्याजवळून खाली गेलं. मी सुपरवायझरला पिन हातात नेऊन दाखवली, तिचा आटा पार झिजला होता. त्याने फॉर्म भरला, मी सही केली. नंतर एका पोराने वाचून दाखवला तेव्हा कळलं, आत लिहिलं होतं, ‘कामगाराचा पाय घसरला.’