मदत हवी आहे: ०.१ नॉर्मल कॉस्टिकची नॉर्मॅलिटी चार दिवसांत घसरते

वाळूज एमआयडीसीतल्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबमध्ये वर्षभराची अप्रेंटिसशिप चालू आहे. ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या (कॉस्टिकच्या) द्रावणाची नॉर्मॅलिटी, म्हणजे तीव्रता, तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. त्यासाठी केएचपी (पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, तुलनेसाठीचं प्रमाण आम्ल) १२० अंशांवर २ तास वाळवून, डेसिकेटरमध्ये (ओलावा न लागणाऱ्या बंद भांड्यात) गार करून ०.५ ग्रॅम घेते. पहिल्या दिवशी ब्युरेटमधून कॉस्टिक लागलं २४.४३ मिली, म्हणजे नॉर्मॅलिटी ०.१००२. चौथ्या दिवशी तेवढ्याच वजनाला २४.८३ मिली, नॉर्मॅलिटी ०.०९८६!

फिनॉल्फ्थॅलिन या दर्शकाचा गुलाबी रंग ३० सेकंद टिकायला हवा, तो दहालाच उडतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होत असणार. मे महिन्यातला उकाडाही तपासला: २७ वरून ३८ अंशांवर द्रावण फार तर ०.३-०.४ टक्के प्रसरण पावतं, इथे फरक दीड टक्क्याच्या वर आहे. म्हणजे दोष उकाड्याचा नाही.

सध्या आम्ही डीआय (आयन काढलेलं) पाणी, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड उकळून न घालवताच वापरतो, बाटली काचेची, आणि दिवसातून दहा वेळा झाकण उघडतं. मला वाटतं खरं मूळ तिथेच आहे.

५० टक्के कॉस्टिकचं द्रावण करून ठेवलं की कार्बोनेट तळाशी बसतं, हे माहीत आहे. वरचं नितळ सव्वापाच मिली एक लिटरला पुरतं. पण ते पिपेटने घेताना तळ ढवळला जातो. तुम्ही किती दिवस स्थिर ठेवता? गाळून घेता का, आणि कशातून? एचडीपीई (प्लास्टिकच्या) बाटलीला सोडा लाइमची (कार्बन डायऑक्साइड शोषणारी) नळी लावली तर ती किती दिवसांनी बदलायची?

ज्यांनी हे रोज हाताळलंय, त्यांनी कृपया आकड्यांसह सांगा.